सहा किलोमीटरच्या चौकोनात पाऊस कसा बसवतात?

२६ मे २०२५ रोजी 'भारत फोरकास्ट सिस्टिम' हे हवामान मॉडेल देशाच्या सेवेत दाखल झालं. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे सगळे जिला आयआयटीएम म्हणतात तिने, ते तयार केलं. रोजचा अंदाज काढायला ते हवामान विभागाच्या हाती आलं. बातम्यांत एकच आकडा ठळक होता: ६ किलोमीटर. आधीचं जागतिक मॉडेल १२ किलोमीटरचं होतं. आता ते निम्म्यावर आलं, तेव्हा अंदाज दुप्पट अचूक होणार आणि थेट ग्रामपंचायतीपर्यंत पोचणार, असा हिशेब बऱ्याच जणांनी मनातल्या मनात केला.

हिशेब इतका सरळ नाही. सहा किलोमीटर हे मॉडेलमधल्या चौकोनाचं माप आहे. अंदाज किती चुकेल, कुठे चुकेल, याचं माप वेगळंच असतं आणि ते चौकोनाशिवाय आणखी दोन गोष्टींवर ठरतं: चौकोनात न मावणारे ढग, आणि सुरुवातीला हवेची स्थिती आपल्याला किती माहीत होती. या क्षेत्रात काम करणाऱ्यांचा बहुतेक वेळ या दोन गोष्टींतच जातो.

चौकोन कशाचा?

वारा, दाब, तापमान आणि बाष्प एकमेकांवर कसा परिणाम करतात, याची समीकरणं शंभराहून जास्त वर्षं माहीत आहेत. पण ती शाळेतल्या समीकरणांसारखी 'क्ष बरोबर अमुक' अशी सुटत नाहीत. म्हणून वातावरणाचे तुकडे पाडतात. जमिनीवर चौकोनांची जाळी टाकायची आणि प्रत्येक चौकोनावर जेवणाच्या डब्यासारखे एकावर एक थर रचायचे. मॉडेलप्रमाणे हे थर साधारण साठापासून १४० पर्यंत असतात. जमिनीलगतचे थर काही दहा मीटर जाडीचे, वरचे शेकडो मीटरचे. प्रत्येक डब्यात एक तापमान, एक वारा, एक आर्द्रता. डब्याच्या आत इकडे काय आणि तिकडे काय, हे मॉडेलला कळत नाही. चौकोनाच्या बाजूची लांबी म्हणजे रिझोल्यूशन.

पृथ्वी गोल असल्यामुळे जाळी टाकणंही सरळ नाही. अक्षांश-रेखांशांची जाळी टाकली तर उकडीच्या मोदकाच्या कळ्या जशा टोकाशी दाटतात तशा रेखांशाच्या रेषा ध्रुवाशी दाटतात, आणि कुणी राहत नाही अशा ठिकाणी बारीक बारीक चौकोनांवर कॉम्प्युटरचा वेळ जातो. नव्या भारतीय मॉडेलची जाळी वेगळ्या पद्धतीची आहे: ध्रुवाकडे सरकताना प्रत्येक अक्षवृत्तावरचे बिंदू ठरावीक संख्येने कमी होत जातात. त्यामुळे वाचलेली ताकद जिथे हवी तिथे, म्हणजे उष्ण कटिबंधात, वापरता येते. युरोप, ब्रिटन, अमेरिका यांची रोज चालणारी जागतिक मॉडेल त्या वेळी ९ ते १४ किलोमीटरच्या दरम्यान होती. त्यामुळे ६ हा आकडा खरोखर मोठा आहे.

पोलादपूर ते वाई

महाराष्ट्राचं क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर. १२ किलोमीटरचे चौकोन पाडले तर राज्यात २,१०० च्या थोडे वर बसतात. एका चौकोनाचं क्षेत्र १४४ चौरस किलोमीटर, म्हणजे सरासरीने पाहिलं तर जवळजवळ एक महसूल मंडळ. ६ किलोमीटरचे पाडले तर साडेआठ हजार चौकोन. राज्यात ग्रामपंचायती आहेत सुमारे २८ हजार. म्हणजे 'पंचायतीपर्यंत अंदाज' या शब्दांत थोडी सवलत घेतलेली आहे. एका चौकोनात सरासरी तीन पंचायती येतात आणि मॉडेलच्या लेखी तिघींकडे एकच पाऊस पडतो.

तरीही निम्म्या चौकोनाने काय साधलं हे बघायचं तर घाटात जावं. पोलादपूर कोकणात, डोंगराच्या पायथ्याशी. तिथून सरळ रेषेत वीसएक किलोमीटरवर महाबळेश्वर, उंची सुमारे १,३५० मीटर. तिथून आणखी पंचवीसेक किलोमीटरवर वाई, पुन्हा खाली. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि वाईला हजाराच्याही आत. हा सगळा खेळ ४५ किलोमीटरमध्ये. १२ किलोमीटरच्या जाळीत एवढ्या अंतरात जेमतेम चार चौकोन येतात. प्रत्येक चौकोनाला डोंगराची एकच सरासरी उंची मिळते, त्यामुळे सह्याद्रीचा कडा मॉडेलमध्ये एखाद्या लांबट टेकाडासारखा होतो. वारा त्यावरून हळूहळू चढतो, पाऊस पसरतो, घाटमाथ्यावर कमी पडतो आणि पर्जन्यछायेत नको तितका पडतो. ६ किलोमीटरला सात-आठ चौकोन मिळतात. कडा अजून कडा होत नाही, पण चढ कुठे सुरू होतो आणि उतार कुठे, हे तरी जागेवर येतं.

इथे एक गोम आहे. चौकोन सहा किलोमीटरचा असला, तरी मॉडेलला सहा किलोमीटरची गोष्ट 'दिसत' नाही. ठिपक्यांच्या रांगोळीत तीन ठिपक्यांवर मोर काढता येत नाही. मान, पिसारा, पाय दाखवायला पुरेसे ठिपके लागतात. तसंच एखादी ढगांची रांग किंवा वाऱ्याचा भोवरा मॉडेलमध्ये नीट उमटायला तो सहा-सात चौकोनांवर पसरलेला असावा लागतो. म्हणजे १२ किलोमीटरच्या मॉडेलची खरी नजर ८० किलोमीटरच्या आसपासची, आणि ६ च्या मॉडेलची ४० च्या. जाहिरातीत हा आकडा कुणी छापत नाही.

मग एकदम १ किलोमीटरच का नको?

कारण चौकोन निम्मा केला की काम दुप्पट होत नाही, आठपट होतं. पूर्व-पश्चिम दुप्पट चौकोन, उत्तर-दक्षिण दुप्पट, हे झालं चौपट. शिवाय मॉडेल वेळेतही पावलं टाकत चालतं: आत्ताची स्थिती, मग काही सेकंदांनंतरची, मग पुढची. एका पावलात हवा एका चौकोनापलीकडे उडी मारून जाता कामा नये, नाहीतर गणित कोलमडतं. कूराँ, फ्रीडरिक्स आणि लेवी या तीन गणितज्ञांनी १९२८ मध्ये ही अट मांडली आणि ती आजही रोज आडवी येते. चौकोन निम्मा, तर पाऊलही निम्मं. चार गुणिले दोन, आठ. थरही वाढवले तर सोळा.

प्रादेशिक अंदाजांसाठी जगभर वापरलं जाणारं डब्ल्यूआरएफ नावाचं मॉडेल घ्या. त्यात ढोबळ नियम असा: किलोमीटरमध्ये जितका चौकोन, त्याच्या सहापट सेकंदांचं पाऊल. ३ किलोमीटरला १८ सेकंद. म्हणजे एका दिवसाच्या अंदाजासाठी ४,८०० पावलं. प्रत्येक पावलाला प्रत्येक डब्यातलं सगळं गणित पुन्हा. १ किलोमीटरला तीच १४,४०० होतात. काही जागतिक मॉडेल गणिताच्या वेगळ्या युक्तीने ही अट ओलांडतात. युरोपीय हवामान केंद्राचं ९ किलोमीटरचं मॉडेल साडेसात मिनिटांचं पाऊल टाकतं. पण ती युक्तीही फुकट मिळत नाही, कारण तिथे दर पावलाला जास्त काम पडतं.

साठवणुकीचाही अंदाज घ्या. अख्ख्या पृथ्वीवर ६ किलोमीटरचे चौकोन पाडले तर १ कोटी ४० लाखांच्या वर चौकोन. शंभर थर धरले आणि प्रत्येक डब्यातल्या दहाच गोष्टी लिहून ठेवायच्या म्हटल्या, तर एका क्षणाच्या चित्राला ५७ गिगाबाइट लागतात. दर तासाचं चित्र, दहा दिवसांचा अंदाज: साडेतेरा टेराबाइट. हा फक्त एका रनचा, म्हणजे मॉडेल एकदा चालवण्याचा, हिशेब. सप्टेंबर २०२४ मध्ये आयआयटीएममध्ये सुरू झालेल्या 'अर्क' या सुपरकॉम्प्युटरला ११.७७ पेटाफ्लॉप्स वेगाबरोबर ३३ पेटाबाइट साठवण दिली आहे, ती यासाठी. पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतक्या आकडेमोडी. त्याआधी २०१८ चा 'प्रत्यूष' होता, ४ पेटाफ्लॉप्सचा.

प्रोसेसर वाढवून वेळ हवा तितका कमी करता येईल, असंही नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी वाढवले की काही वेळ वाढप भरभर होतं, मग ते एकमेकांना धडकू लागतात. इथे प्रत्येक प्रोसेसरकडे नकाशाचा एक तुकडा असतो आणि दर पावलाला त्याला आपल्या कडेची माहिती शेजाऱ्याला द्यावी लागते. तुकडे लहान झाले की कामापेक्षा कडा जास्त. शिवाय ज्याच्या वाट्याला ढगांनी भरलेला बंगालचा उपसागर आला त्याचं गणित रेंगाळतं, आणि ज्याच्याकडे निरभ्र सहारा आला तो नुसता वाट पाहत बसतो.

चौकोनात न मावणारा ढग

पावसाळ्यातला एखादा उंच ढग एक ते पाच किलोमीटर रुंदीचा. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात, विदर्भात दुपारनंतर जे ढग कोंबासारखे वर येतात आणि वळीव देतात, त्यांचा वर जाणारा झोत तर त्याहूनही अरुंद. १२ किलोमीटरच्या चौकोनात असा ढग काढताच येत नाही. पण तो सोडूनही देता येत नाही, कारण खालची उष्ण, दमट हवा वर नेण्याचं काम तोच करतो आणि पाऊसही तोच पाडतो.

यावरचा तोडगा म्हणजे पॅरामीटरायझेशन: जे चौकोनापेक्षा लहान आहे त्याचा परिणाम चौकोनाच्या सरासरीवरून काढायचा. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो. इथे भातावरून शिताची करायची असते. चौकोनातली हवा किती दमट आहे, वर गेल्यास ती किती जोमाने वर जाईल, हे पाहून सूत्र ठरवतं की इथे असे ढग उठतील, इतकी उष्णता वर जाईल, इतका पाऊस पडेल. ढगाच्या आत थेंब कसे वाढतात, बर्फ कधी वितळतो, जमिनीलगतची हवा कशी घुसळते, सूर्यकिरण किती आत येतात, या प्रत्येकासाठी वेगळी सूत्रं असतात.

या सूत्रांच्या सवयी ठरलेल्या आहेत आणि त्या ओळखायला शिकणं हाच या कामातला अनुभव. ढगांचं सूत्र वापरणारी मॉडेल जमिनीवरचा पाऊस बरेचदा लवकर पाडतात: खरा वळीव दुपारी चारनंतर येतो, मॉडेलचा बारा-एकलाच सुरू होतो. दुसरी खोड म्हणजे रिमझिमीची. मॉडेलमध्ये पाऊस जास्त दिवस आणि थोडा थोडा पडतो. महिन्याची बेरीज जवळपास बरोबर येते, पण झोडपणारा एक दिवस हरवतो.

चौकोन ३ किलोमीटरच्या खाली नेला की मोठे ढग मॉडेलला स्वतःच काढता येऊ लागतात आणि सूत्र बंद करता येतं. मग उलट त्रास सुरू होतो: ढगांचे गाभे वाजवीपेक्षा जोरदार होतात आणि सगळा पाऊस एकाच चौकोनात ओतला जातो. सगळ्यात अवघड जागा यांच्या मधली, साधारण १ ते १० किलोमीटर. तिथे ढग अर्धा दिसतो, अर्धा दिसत नाही. सूत्र चालू ठेवलं तर मॉडेलने काढलेला आणि सूत्राने मोजलेला असा एकच ढग दोनदा धरला जातो. बंद केलं तर लहान ढग सुटतात. या पट्ट्याला शास्त्रज्ञ 'ग्रे झोन' म्हणतात. ६ किलोमीटर बरोबर त्याच्या मधोमध येतं. म्हणून जाळी बारीक केली आणि काम झालं, असं इथे होत नाही. चौकोन जसा लहान होईल तसं सूत्राने आपोआप मागे सरावं, अशा 'स्केल-अवेअर' पद्धती लागतात आणि त्यांचे आकडे आपल्या मान्सूनवर पुन्हा पुन्हा घासून पाहावे लागतात.

सकाळी साडेपाचची हवा

आता दुसरी गोष्ट. मॉडेलला सुरुवात कुठून करायची हे सांगावं लागतं. जगभरची हवामान केंद्रं भारतीय वेळेनुसार सकाळी ५:३० आणि संध्याकाळी ५:३० या वेळांना धरून फुगे सोडतात. फुग्याला बांधलेलं छोटं यंत्र वर जाताना तापमान, आर्द्रता, वारा कळवत राहतं. त्यात उपग्रह, विमानं, जहाजं, बोया, रडार, जमिनीवरची केंद्रं यांची भर पडते.

तरीही कोट्यवधी डबे भरायला हे पुरत नाही. म्हणून मागच्या रनचा काही तासांचा अंदाज पाया म्हणून घेतात आणि निरीक्षणांनी तो दुरुस्त करतात. याला डेटा असिमिलेशन म्हणतात. एकाच डब्याचं उदाहरण करून पाहू. मागचा अंदाज म्हणतो २८ अंश, आणि त्याची नेहमीची चूक २ अंशांची. निरीक्षण म्हणतं ३० अंश, त्याची चूक १ अंशाची. दोघांची नुसती सरासरी २९ येते, पण भरवशाचा माणूस कोण हे माहीत असताना दोघांना सारखा मान द्यायचा नसतो. वजन चुकीच्या वर्गाच्या उलट्या प्रमाणात देतात: अंदाजाला एक भाग, निरीक्षणाला चार. उत्तर २९.६. प्रत्यक्षात हेच कोट्यवधी आकड्यांवर एकदम होतं, आणि त्यात एका ठिकाणच्या निरीक्षणाने शेजारच्या चौकोनांत किती ढवळाढवळ करायची हेही ठरवावं लागतं. पुण्याच्या फुग्याने कोल्हापूरची हवा थोडी बदलावी. डोंगर ओलांडून महाडची किती बदलावी, यावर मात्र वाद होतात.

कोकणापुरती अडचण अशी की मान्सूनचा वारा अरबी समुद्रावरून येतो आणि तिथे फुगे सोडणारं कुणी नाही. उपग्रह वरून बघतो, पण ढगांच्या खालची दमट हवा त्याला नीट दिसत नाही. रडारला वाटेल तेवढं लांबचं दिसत नाही, कारण त्याचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळत जाते. रडारचा सर्वांत खालचा किरण अर्ध्या अंशाचा धरला, तर १०० किलोमीटरवर तो सुमारे दीड किलोमीटर उंच असतो आणि २०० किलोमीटरवर चार किलोमीटर. घाटातला पाऊस बऱ्याचदा बुटक्या ढगांतून पडतो. किरण त्यांच्या डोक्यावरून निघून जातो. शिवाय मध्ये डोंगर आला की पलीकडे अंधार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

वेडंवाकडं पोट भरलं तर मॉडेल बिथरतंही. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेला हाताने केलेला पहिला हिशेब त्याचा नमुना आहे. सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने बदलेल, असं उत्तर आलं. मोठमोठी चक्रीवादळंही सहा तासांत तेवढा बदल करत नाहीत. समीकरणं बरोबर होती, सुरुवातीचा वारा आणि दाब एकमेकांशी जुळत नव्हते. आजही नव्या रनच्या पहिल्या काही तासांतला पाऊस शास्त्रज्ञ बिचकतच वाचतात, कारण तेवढा वेळ मॉडेल स्वतःला सावरत असतं.

दिवसभर नेमकं काय चालतं?

उच्च रिझोल्यूशनच्या मॉडेलवर काम म्हणजे आकाशाकडे बघत बसणं, अशी कल्पना असेल तर ती बाजूला ठेवा. समोर काळी स्क्रीन, लिनक्स, आणि लाखो ओळींचा कोड, बराचसा फोरट्रानमध्ये. ही भाषा १९५७ ची, पण आकड्यांच्या रांगा हाकण्यात आजही पक्की.

सर्वांत ओळखीचा प्रसंग म्हणजे रन मध्येच उडणं. रात्री रांगेत लावलेला रन सकाळी पाहावा तर सतराव्या तासाला थांबलेला. लॉग फाइल उघडली की कुठल्या तरी एका बिंदूवर वर जाणारा वारा अशक्य वेगाला पोचलेला दिसतो, आणि पुढच्या पावलापासून सगळीकडे 'नॅन', म्हणजे 'हा आकडाच नाही'. तो बिंदू नकाशावर शोधला की दहातल्या बऱ्याच वेळा तो हिमालयाच्या किंवा घाटाच्या तीव्र उतारावर सापडतो. उपाय ठरलेले: पाऊल १८ सेकंदांवरून १२ वर आणायचं, डोंगराचा उतार थोडा घासून मऊ करायचा, किंवा सर्वांत वरच्या थरांत लाटा जिरवणारा 'स्पंज' वाढवायचा. पहिल्या उपायाने वेळ दीडपट लागतो. दुसऱ्याने तोच कडा बोथट होतो ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला. कुठला उपाय कधी, हे कोड सांगत नाही.

दुसरं काम प्रयोगांचं. सूत्रात बदल केला की तो एकाच वेळी एकच करायचा, आणि आधीचं मॉडेल व नवं मॉडेल त्याच दिवसांवर शेजारी शेजारी चालवायचं. एखाद्या गाजलेल्या पावसावर उत्तर छान आलं म्हणून हुरळून जायचं नसतं. निदान एक-दोन अख्खे पावसाळे मागे जाऊन रोजचे अंदाज काढून बघावे लागतात.

आणि इथेच कोडं येतं. सूत्र शास्त्रीयदृष्ट्या सुधारलं, तरी अंदाज बिघडतो. समजा मॉडेलमध्ये ढग कमी होत होते, म्हणून ऊन जास्त येत होतं. पण जमिनीचं सूत्र उष्णता कमी धरत होतं. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या आणि तापमान बरोबर येत होतं. ढग दुरुस्त केले, तापमान घसरलं. आता खरी सुधारणा मागे घ्यायची, की जमिनीतली दुसरी चूक शोधायला आणखी सहा महिने घालवायचे? दुसरा मार्गच बरोबर, पण पावसाळा तोंडावर असताना तो धरणं सोपं नसतं.

चांगलं मॉडेल नापास होतं तेव्हा

अंदाज बरोबर आला की नाही, हे मोजणंही वाटतं तितकं सोपं नाही. समजा मॉडेलने पनवेलला १२० मिलिमीटर सांगितले आणि तेवढा पाऊस पडला कर्जतला. केंद्रागणिक गुण दिले तर पनवेलला 'उगाच सांगितला' म्हणून एक शिक्षा, कर्जतला 'सांगितलाच नाही' म्हणून दुसरी. जाड्याभरड्या मॉडेलने सगळीकडे ४० मिलिमीटर फासले असते, तर त्याला जास्त गुण मिळाले असते, जरी ते पाहून कुणीही सावध झालं नसतं. म्हणून बारीक मॉडेलसाठी शेजार धरून गुण देतात: २० किंवा ५० किलोमीटरच्या परिसरात जितक्या भागावर मुसळधार सांगितला, तितक्या भागावर पडला का?

२६ जुलै २००५ आठवा. २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, आणि सुमारे पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला सत्तर-पंचाहत्तर. आजच्या कुठल्याही मॉडेलने 'मुंबई परिसरात कुठेतरी प्रलयंकारी पाऊस' हे आदल्या दिवशी सांगितलं तर ते मोठं यश धरावं. सांताक्रूझ की कुलाबा, हे आदल्या दिवशी सांगणं वेगळ्या जातीचं काम आहे. एकेका ढगाच्या जागेतली चूक तासातासाला वाढते, आणि बारीक जाळी ती चूकही तितक्याच झपाट्याने वाढताना दाखवते.

एआय आल्यावर हे सगळं कशाला?

रास्त प्रश्न. २०२३ पासून एआयवर चालणारी मॉडेल दहा दिवसांचा जागतिक अंदाज एका मिनिटाच्या आत देऊ लागली, आणि युरोपीय केंद्राने स्वतःचं असं मॉडेल फेब्रुवारी २०२५ मध्ये रोजच्या वापरात आणलं. मोठ्या प्रणालींचा, उदाहरणार्थ चक्रीवादळाच्या वाटेचा, अंदाज ती चांगला देतात. पण यांतली बहुतेक जिच्यावर शिकली ती माहिती सुमारे २८ किलोमीटरच्या जाळीवरची आहे. पोलादपूर ते वाई त्यात दोन चौकोन. ती माहितीही निरीक्षणं आणि जुनं भौतिक मॉडेल यांच्याच मिश्रणातून तयार झालेली. आणि सकाळी साडेपाचची सुरुवातीची स्थिती त्यांनाही बहुधा त्याच असिमिलेशनकडून उसनी घ्यावी लागते. एआयचा खरा फायदा सध्या दिसतो तो खर्चात: एकाच्या जागी शेकडो अंदाज काढता येतात.

मग आपल्या गावापुरतं काय धरायचं?

एकाच रनवर विसंबायचं नाही, हे हवामान विभागही पाळतो. सुरुवातीची स्थिती थोडी थोडी बदलून तेच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवतात. २०१८ पासून भारतात २१ रनांचा असा १२ किलोमीटरचा संच वापरात आला. २१ पैकी १५ रनांनी तुमच्या भागात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस दाखवला, तर शक्यता साधारण ७० टक्के धरता येते. उरलेल्या सहा रनांतला कोरडा दिवसही खोटा नसतो.

मोबाईलवरच्या ॲपमध्ये गावाच्या नावापुढे 'दुपारी ३ वाजता ४ मिमी' असं दिसतं, तेव्हा बहुधा कुठल्या तरी जागतिक मॉडेलच्या शेजारच्या चौकोनांतले आकडे तुमच्या गावाच्या जागेवर बसवलेले असतात. ते तीन वाजता म्हणजे बारा ते सहा, आणि चार मिलिमीटर म्हणजे 'पडला तर' असं वाचावं.

हवामान विभागाच्या पत्रकातले शब्द मात्र मोजून वापरलेले असतात. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर, 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्म्या केंद्रांवर. 'मुसळधार' ६४.५ मिलिमीटरपासून, 'अति मुसळधार' ११५.६ पासून, 'अत्यंत मुसळधार' २०४.५ पासून. म्हणून 'साताऱ्याच्या घाट भागात तुरळक ठिकाणी अत्यंत मुसळधार' हे वाक्य वाचताना पाव किंवा त्याहून कमी ठिकाणी दोनशेच्या वर पाऊस धरायचा, आणि ती ठिकाणं कुठली हे कुणालाच माहीत नाही हेही धरायचं. घाटात उतरण्याआधी त्या दिवसाचा अंदाज आदल्या रात्री बघावा, आणि निघायच्या अर्धा तास आधी रडारचं ताजं चित्र. रडार तिथले खालचे ढग चुकवत असेल, तर वरच्या गावातल्या कुणाला तरी फोन करून ओढ्याला पाणी किती आहे ते विचारावं.